वेताळाला बुबुळं का नसतात?

इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळाच्या तोंडाकडे कधी नीट पाहिलंय? जांभळा अंगासरसा पोशाख, कमरेला दोन पिस्तुलं, बोटात कवटीची अंगठी, हे सगळं सगळ्यांच्या ध्यानात असतं. डोळ्यांच्या जागी मात्र मुखवट्याला नुसत्या दोन पांढऱ्या फटी आहेत. बुबुळ नाही, पापणी नाही. तरीही तो रागावला की आपल्याला कळतं, तो कुणाकडे पाहतोय तेही कळतं, आणि कधीमधी तो आपल्याकडेच पाहतोय असं वाटून अंगावर काटा येतो. नजरच काढलेली नसताना ही नजर येते कुठून?

अमेरिकेत ली फॉक या लेखकानं १७ फेब्रुवारी १९३६ ला वेताळाला वर्तमानपत्रात आणलं. त्याआधी दोन वर्षं त्यानं जादूगार मँड्रेक सुरू केला होता. बुबुळं न काढण्याची कल्पना ग्रीक पुतळ्यांवरून सुचली, असं फॉक पुढे सांगत असे. संगमरवरी डोळ्यांत बुबुळं दिसत नाहीत, म्हणून ते चेहरे माणसाच्या वरचे वाटतात, असा त्याचा हिशेब. अंगासरसा पोशाख आणि बुबुळं नसलेला मुखवटा ही जोडी चित्रपट्टीत पहिल्यांदा वेताळानंच घातली. सुपरमॅन त्याच्यानंतर दोन वर्षांनी, जून १९३८ च्या अंकात आला. बॅटमॅन, स्पायडरमॅन, डेडपूल या सगळ्यांचे पांढरे डोळे त्याच घराण्यातले.

आता यांचे सिनेमे पाहा. १९८९ पासून पडद्यावर आलेल्या जवळजवळ प्रत्येक बॅटमॅनच्या मुखवट्याला भोकं आहेत आणि भोकांतून नटाचे डोळे दिसतात. मुखवटा आणि कातडी यांच्या मधली फट दिसू नये म्हणून नटाच्या डोळ्यांभोवती काळा रंग फासतात. बरीच वर्षं सिनेमावाल्यांनी हा रंग लपवला. मुखवटा निघायच्या क्षणी तो गुपचूप गायब व्हायचा. २०२२ च्या 'द बॅटमॅन'नं शेवटी कबूल केलं आणि मुखवटा काढलेला, डोळ्यांभोवती काजळ ओघळलेला माणूस दाखवला. मला तो प्रसंग फार आवडतो. डेडपूलनं २०१६ मध्ये दुसरी वाट काढली. त्याच्या मुखवट्याचे पांढरे डोळे संगणकावर हलवले, म्हणजे कापडाची भुवई वर जाते आणि कापडाचा डोळा बारीक होतो. त्याच वर्षी स्पायडरमॅनच्या डोळ्यांत कॅमेऱ्यासारखी उघडमीट होणारी भिंगं बसवली. कागदावर एक रेघ न काढल्यानं जे साधलं होतं, ते पडद्यावर आणायला आख्खा तांत्रिक विभाग कामाला लागला.

ही गंमत लक्षात आल्यापासून मी सुपरहिरोंचे सिनेमे वेगळ्या नजरेनं पाहतो. सिनेमात काय घातलंय, यापेक्षा कागदावर काय रिकामं ठेवलं होतं आणि त्या रिकाम्या जागेचं सिनेमानं काय केलं, हे मी शोधत बसतो.

लातूर-नांदेडकडे वाढलेल्या माझ्या पिढीला ही रिकामी जागा फार जवळून माहीत आहे, कारण आमच्या हातात आलेली कॉमिक्स अर्धी रिकामीच असायची. मुखपृष्ठ गेलेलं, मधली पानं सुटलेली, शेवटचं पान कुणीतरी आधीच फाडलेलं. एसटी स्टँडवरच्या स्टॉलला नवा अंक लटकलेला दिसायचा, पण वाचायला मिळायचा तो भाड्यानं, नाहीतर लातूरच्या गंजगोलाईकडच्या रद्दीतून. घरी 'चांदोबा' चालायचा. त्यात विक्रमाच्या खांद्यावरचं प्रेत दर महिन्याला बोलायचं आणि कुणाची हरकत नसायची. त्या प्रेतातल्या वेताळाच्याच नावाचा जांभळा माणूस मात्र दप्तरात सापडला की पाठीत धपाटा.

टाइम्स ऑफ इंडिया चालवणाऱ्या बेनेट, कोलमन कंपनीनं मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं. सुरुवातीचे बत्तीस अंक निव्वळ वेताळाचे होते. मग मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन आले, आणि १९७६ मध्ये आबिद सुरतींचा बहादूर आला, चंबळच्या मुलखात डाकूंशी लढणारा, केशरी कुर्ता आणि जीन्स घालणारा आपला माणूस. १९९० मध्ये ही मालिका बंद पडली. भारतात आणताना वेताळाच्या गोष्टींवर बारीक कात्री चालली होती. फॉकच्या मूळ पट्ट्यांत वेताळाच्या मुलखाचं नाव बंगालवरून बेतलेलं होतं आणि चाच्यांच्या टोळीचं नाव सिंग. इथं मुलूख झाला डेंकाली आणि टोळी झाली सिंगा. वेताळाच्या बापाला मारणाऱ्या चाच्याचं नाव रामा होतं, त्याचा रामालू केला. कुणाच्या भावना दुखवायच्या नव्हत्या एवढंच. मूळ लेखकानं हा सगळा पूर्व मुलूख किपलिंगची पुस्तकं वाचून मनानंच रचला होता, त्यामुळे नावं बदलल्यानं भूगोलाचं काही बिघडलं नाही.

या अंकांची एक सवय तेव्हा खटकायची. दोन-तीन चौकटी झाल्या की कुणीतरी पुन्हा सांगायचं, हा वेताळ, हा मरत नाही, हा चारशे वर्षांपासून इथंच आहे. अरे, कळलं की! कारण नंतर समजलं. मूळ गोष्ट वर्तमानपत्रात रोज तीन-चार चौकटींच्या पट्टीनं यायची. कालचा पेपर हुकलेल्या वाचकासाठी रोज थोडी उजळणी करावी लागायची, आणि उद्याचा पेपर घ्यावा म्हणून शेवटच्या चौकटीत रोज काहीतरी अर्धवट सोडावं लागायचं. या पट्ट्या सलग लावून अंक बनला, तेव्हा उजळणी आणि हुरहूर दोन्ही ठरावीक अंतरानं त्यात उतरली.

एखादा जुना अंक भिंगाखाली धरून पाहा. वेताळाचा जांभळा रंग तिथं नसतोच. तिथं असतात लाल आणि निळे ठिपके, शेजारी शेजारी, मधे कागदाचा पिवळट पांढुरका तुकडा. जांभळा आपल्या डोळ्यांत तयार होतो. छपाईत एखादा साचा केसभर सरकला असेल, तर रंग रेघेच्या बाहेर सांडलेला दिसतो आणि वेताळाच्या खांद्याला लाल कड येते. हलका कागद, ठिपक्यांची छपाई आणि तिची घाई यांतूनच सुपरहिरोंचे भडक रंग जन्मले. करडा किंवा मातकट रंग त्या कागदावर धड उमटायचाच नाही. हल्क हा हिरवा राक्षस मे १९६२ च्या पहिल्या अंकात करडा होता. छापखान्यात तो करडा दर पानावर वेगळा येऊ लागला, म्हणून दुसऱ्या अंकापासून त्याला हिरवा केला. वेताळसुद्धा फॉकच्या मनात करडाच होता. १९३९ मध्ये रविवारची रंगीत पट्टी सुरू झाली तेव्हा रंग भरणाऱ्यांनी त्याला जांभळा केला आणि तो जांभळाच राहिला. स्वीडनमध्ये तो निळा आहे, इटली आणि ब्राझीलमध्ये लाल.

म्हणजे आज पडद्यावर हल्कच्या कातडीचं एकेक रोमरंध्र खरं दिसावं म्हणून कलाकार महिनोन्महिने संगणकापुढे बसतात, ते साठ वर्षांपूर्वी एका छापखान्याला करडा रंग जमला नाही म्हणून. मला याचं अजूनही नवल वाटतं. १९९६ च्या 'द फँटम' या वेताळाच्याच सिनेमात बिली झेन जांभळा पोशाख घालून हिरव्यागार जंगलात घोडा फेकतो. एवढ्या हिरव्यात जांभळा घालून लपणार कुठे, असा प्रश्न कॉमिक वाचताना मला कधी पडला नव्हता. तिथं जंगलही ठिपक्यांचंच होतं. सिनेमात झाडं खरी झाली आणि कपडे खोटे पडले. बाकी सिनेमा वाईट नाही. उलट त्याचा भाबडेपणा मला आजच्या पुष्कळ गंभीर सिनेमांपेक्षा बरा वाटतो.

आता मूळ चमत्काराकडे येऊ. कॉमिकच्या पानावर दोन चौकटींच्या मधे बोटभरसुद्धा नसलेली पांढरी पट्टी असते. पहिल्या चौकटीत वेताळाची मूठ मागे गेली आहे. दुसऱ्या चौकटीत गुंड जमिनीवर आडवा आहे. ठोसा कुठं आहे? कुठंच काढलेला नाही. तो त्या पांढऱ्या पट्टीत बसला आणि तो आपण मारला. किती जोरात, किती वेगानं, लागला तो जबड्यावर की कानशिलावर, हे ज्याचं त्यानं ठरवलं. दहा पोरांनी एकच अंक वाचला की दहा वेगळे ठोसे बसतात. चित्रकार फक्त आधीचा आणि नंतरचा क्षण देतो, मधला काळ वाचक स्वतःच्या खिशातून घालतो. पट्टी तेवढ्याच रुंदीची असते, पण तिच्यात कधी डोळ्याची उघडझाप मावते, कधी अख्खी रात्र, आणि वेताळाच्या गोष्टीत तर बाप मरून मुलगा त्याचा मुखवटा चढवून गादीवर बसण्याइतकी वर्षं.

हे तंत्र अमेरिकेनं शोधलं असं मानायची गरज नाही. राष्ट्रकूट राजांच्या लेखांत 'लट्टलूर पुरवराधीश्वर' असं बिरुद येतं, आणि ते लट्टलूर म्हणजे आजचं लातूर असं इतिहासकार मानतात. याच घराण्यातल्या पहिल्या कृष्णानं आठव्या शतकात वेरूळचं कैलास लेणं खोदवलं. तिथं मंदिराच्या एका बाजूला रामायण आणि दुसऱ्या बाजूला महाभारत आडव्या ओळींत कोरलंय, ओळीखाली ओळ. माणूस बहुतेक वेळा हत्ती पाहतो, शिखर पाहतो, फोटो काढतो आणि या भिंतीपुढून तसाच निघून जातो. जरा थांबून ओळ धरून वाचायला लागा. एकच राम पुन्हा पुन्हा येतो, पुढच्या ठिकाणी, पुढच्या प्रसंगात. वानर दगड वाहून सेतू बांधतायत. चौकटीच्या उभ्या रेघा तिथं नाहीत, त्यामुळे एक प्रसंग कुठे संपला आणि दुसरा कुठे लागला, हे पाहणाऱ्यानंच ठरवायचं. लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यातल्या खरोशाच्या लेण्यांत एवढी सलग गोष्ट नाही, पण नरसिंह आहे, रावण आहे, कार्तिकेय आहे. अर्धा माणूस अर्धा सिंह ही कल्पना दीड हजार वर्षं आमच्या शेताच्या बांधालगत दगडात उभी आहे.

चित्रकथी हा दुसरा धागा. लातूरपासून फार लांब नाही अशा कल्याणीला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर राज्य करत होता. त्याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात चित्रं दाखवून कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख आहे. पुढे महाराष्ट्रात ही माणसं कागदावर रंगवलेल्या चित्रांची पोथी घेऊन गावोगाव फिरली. या चित्रांच्या शैलीला पैठणचं नाव मिळालं, आणि परंपरा जिवंत राहिली ती थेट कोकणात, कुडाळजवळच्या पिंगुळीला. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. चित्रकथी एक पान उभं धरतो, गातो, सांगतो, मग पान बदलतो. चित्रातले चेहरे बाजूनं काढलेले, डोळे भलेमोठे, शरीरं ताठ, पुतळ्यासारखी स्थिर. हालचाल सगळी गाणाऱ्याच्या गळ्यात. दोन पानांच्या मधे राक्षस कसा आला, किती मोठा होता, हे तो आवाज खाली-वर करून सांगतो आणि उरलेलं ऐकणारा रंगवतो. कॉमिकमध्ये हा गाणारा नसतो. त्याचं काम वाचकाच्या डोक्यातला आवाज करतो.

मग सिनेमानं ही रिकामी जागा भरून टाकली का? तसं वाटतं खरं, पण आणखी एक गंमत आहे. जत्रेत टूरिंग टॉकीजचा तंबू लागायचा, तेव्हा आम्हा पोरांचं लक्ष पडद्यापेक्षा मागे घरघरणाऱ्या मशीनकडे जास्त असायचं. त्या मशीनमधून सेकंदाला २४ स्थिर चित्रं सरकायची. चित्र सरकत असताना उजेड पडला तर पडद्यावर नुसता रंगाचा चिखल दिसेल, म्हणून दिव्यापुढे एक पातं फिरत असतं आणि चित्र हलताना ते उजेड अडवतं. चित्र थांबलेलं असतानाही ते आणखी एकदा आडवं येतं, म्हणजे लुकलुक कमी जाणवते. सेकंदाला ४८ झपके. या हिशेबानं तंबूतला पडदा जवळजवळ अर्धा वेळ काळाठिक्कर असायचा. तीन तासांच्या सिनेमाचे पैसे देऊन लोक दीडएक तास अंधार पाहायचे आणि खूश होऊन घरी जायचे. म्हणजे सिनेमातही पट्टी आहेच. फरक एवढा की ती इतकी बारीक आहे की तिच्यात काही घालायला प्रेक्षकाला वेळच मिळत नाही. कॉमिकमध्ये तुम्ही त्या पट्टीवर हवं तितकं रेंगाळता, मागे जाता, पान न उलटता अंगठा तसाच दाबून ठेवता.

छापील चित्रातून पडद्यावर जाणारी वाटसुद्धा आपल्याकडे जुनीच आहे. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके सिनेमात पडायच्या आधी छपाईच्या धंद्यात होते आणि लोणावळ्याच्या रविवर्मा प्रेससाठीही त्यांनी काम केलं होतं. घराघरांत लटकलेली देवादिकांची छापील चित्रं कशी बनतात, हे त्यांना आतून ठाऊक होतं. १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' आणि १९१७ मध्ये 'लंकादहन'. त्यात राम आणि सीता दोन्ही अण्णा साळुंके, आणि हनुमान गणपत शिंदे. हा हनुमान पडद्यावर आकाशात उडाला, तेव्हा सुपरमॅनच्या जन्माला एकवीस वर्षं बाकी होती. जगातला पहिला उडणारा सुपरहिरो मराठी माणसानं पडद्यावर आणला, असं मी मित्रांत छाती फुगवून सांगतो. कुणी वाद घातला तर घालू दे.

सुपरमॅनला तर सुरुवातीला उडताही येत नव्हतं. १९३८ च्या पहिल्या गोष्टीत तो एका उडीत मैलाचा आठवा भाग पार करायचा, म्हणजे साधारण दोनशे मीटर. कागदावर हे छान दिसतं. उडी घेतलेला माणूस हवेत गोठवला की तो उडतोच आहे असं वाटतं, आणि खाली येण्याचा कंटाळवाणा भाग पांढऱ्या पट्टीत जातो. १९४१ मध्ये फ्लायशर स्टुडिओनं त्याचे ॲनिमेशनपट करायला घेतले. प्रत्येक उडीचं टेकणंही दाखवावं लागलं, आणि जगाचा तारणहार टोळासारखा टुणटुणत चाललेला विचित्र दिसू लागला. मग त्याला सरळ उडवलंच. त्याच सुमारास कागदावरही तो उडू लागला. सुपरमॅनला निर्बळ करणारं क्रिप्टोनाइटही असंच बाहेरून आलं. ते आधी १९४३ मध्ये रेडिओवरच्या श्रुतिकेत अवतरलं आणि कॉमिकमध्ये नंतर. सिनेमानं कॉमिकची वाट लावली अशी तक्रार जुने वाचक करतात तेव्हा मला हे आठवतं. ज्याला आपण मूळ म्हणतो त्यातलं बरंच काही रूपांतरातूनच परत आलेलं असतं.

मराठीत या खेळाचा वारसा कुणाकडे? चित्रकारांत मी पहिलं नाव प्रताप मुळीक यांचं घेईन. अमर चित्रकथेतल्या पौराणिक आणि ऐतिहासिक गोष्टींची चित्रं त्यांनी काढली. ऐंशीच्या दशकात अमिताभ बच्चनला सुपरहिरो करणारी 'सुप्रीमो' ही मालिका आली, ती त्यांच्याच हातची. आणि १९८६ मध्ये दिल्लीच्या राज कॉमिक्सनं 'नागराज' काढला, त्याचं पहिलं रूपही मुळीकांचं. राम-कृष्णांचे दंड आणि पिंढऱ्या घोटून ज्याचा हात बसला, त्यानंच हिंदी मुलखाच्या सर्वांत लाडक्या सुपरहिरोला शरीर दिलं. नागराजच्या हिरव्या खवल्यांच्या अंगाचा डौल नीट पाहा, पुराणातला वीर त्यात सहज ओळखू येतो.

सिनेमात मराठी सुपरहिरो म्हणून २०१५ मध्ये निखिल महाजनांचा 'बाजी' आला, श्रेयस तळपदे मुखवट्यात. धाडस दाद देण्यासारखं होतं, पण त्याच्यामागे कागदावरचा बाजी नव्हता. वर्षानुवर्षं पोरांनी रिकाम्या पट्ट्यांत ठोसे मारून वाढवलेला नायक वेगळा आणि थेट पडद्यावर दिलेला वेगळा.

याउलट २०१७ चा 'फास्टर फेणे'. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे हा कॉमिकमधला नाही, पुस्तकातला. त्याला कुठली शक्ती नाही. सायकल, चौकसपणा आणि तोंडातून निघणारा 'ट्टॉक्' एवढंच भांडवल. सिनेमा आदित्य सरपोतदारांचा, फेणे झाला अमेय वाघ आणि निर्मितीत लातूरचा रितेश देशमुख. भागवतांचा शाळकरी पोरगा इथं वैद्यकीय प्रवेश परीक्षेला पुण्यात येतो आणि परीक्षेतला घोटाळा उकरून काढतो. लातूरमध्ये हा सिनेमा पाहणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कसं समजावं? ज्या गावात दर दुसऱ्या गल्लीत नीटचा क्लास आहे, कॉट बेसिसच्या खोल्यांत गावोगावची पोरं वर्ष काढतात, तिथं परीक्षेतला चोर हा वेताळाच्या कुठल्याही चाच्यापेक्षा मोठा खलनायक आहे. मूळ फेणे असा नव्हता अशी कुरकुर मीही केली. पण जी जागा भागवतांनी रिकामी ठेवली होती, म्हणजे हा पोरगा मोठा झाल्यावर काय करील, ती सिनेमानं हेरली. भागवतांनाही त्यात पात्र करून आणलं आणि दिलीप प्रभावळकरांनी ते असं काही केलं की कुरकुर आपोआप बंद झाली.

रिकाम्या जागेची ताकद बघायची असेल तर नांदेड जिल्ह्यातल्या कंधारला जावं. राष्ट्रकूटांचं हे महत्त्वाचं ठिकाण. तिथल्या तलावाला जगत्तुंग समुद्र म्हणतात. इथं क्षेत्रपालाची एक प्रचंड मूर्ती होती. क्षेत्रपाल म्हणजे मुलखाची राखण करणारा देव, वेताळाच्याच धंद्यातला. आज तिचे भग्न तुकडे तेवढे उरलेत, पावलाचे आणि अंगाच्या इतर भागांचे. अखंड असताना ती काही मजली इमारतीएवढी उंच असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्या दगडी पावलाशेजारी उभं राहिलं की मान आपोआप वर जाते. वर काहीच नाही, नुसतं आभाळ. पण घोटा केवढा असेल, गुडघा कुठं येईल, छाती कुठं, हे डोळे न सांगता मोजू लागतात, आणि थोड्या वेळानं पोटात खड्डा पडतो. ती मूर्ती आख्खी उभी असती तर मी फोटो काढून, उंची विचारून चहाला गेलो असतो. चांगला कॉमिक चित्रकार नेमकं हेच करतो. कोपऱ्यातून नुसता बूट आत येतो, भिंतीवर नुसती सावली पडते, चौकटीबाहेर गेलेल्या हाताची फक्त मूठ दिसते. हल्लीच्या पुष्कळ सुपरहिरोपटांचा माझ्या मते एकच रोग आहे. त्यांना सगळं आख्खं दाखवायचं असतं. शेवटच्या अर्ध्या तासात आख्खं शहर आख्खं कोसळतं आणि आपण पॉपकॉर्नचा तळ शोधत असतो.

या रोगावरचा उतारा २०१८ मध्ये आला, 'इन्टू द स्पायडरव्हर्स'. हा ॲनिमेशनपट करणाऱ्यांनी कॉमिकची गोष्ट उचललीच, पण कागदाचे दोषसुद्धा उचलले. ठिपके उचलले. सरकलेला साचा उचलला, म्हणजे दूरच्या वस्तू धूसर करण्याऐवजी त्यांचे लाल-निळे रंग किंचित एकमेकांपासून सुटे केले, अगदी आमच्या वेताळाच्या खांद्यासारखे. वेगानं हलणारी वस्तू ॲनिमेशनमध्ये सहसा पुसट करतात, तेही त्यांनी केलं नाही. आणि सर्वांत मोठी गोष्ट, माइल्स हा स्पायडरमॅन होऊ पाहणारा नवशिका पोरगा बऱ्याच ठिकाणी सेकंदाला २४ ऐवजी बाराच चित्रांत हलतो, तर शेजारी मुरलेला स्पायडरमॅन पीटर पूर्ण चोवीसांत. एकाच दृश्यात दोघं झोके घेतात आणि पोरगा किंचित अडखळतो. का, ते कळत नाही, पण हा अजून शिकतोय हे अंगाला कळतं. माइल्सला हात बसतो तसा तो सफाईनं हलू लागतो. सिनेमानं दोन चित्रांमधली फट रुंद केली आणि तिच्यात एका मुलाचं शिकणं बसवलं.

नांदेडचा माझा भाचा नीटच्या तयारीसाठी लातूरला राहतो. रविवारच्या टेस्टनंतर घरी येतो तेव्हा आम्ही माइल्सच्या झोक्यांचा हा प्रसंग मोबाइलवर पुढे-मागे करत पाहतो. मी त्याला जुना इंद्रजाल दाखवला, ठिपके दाखवले. तो म्हणाला, "मामा, हे तर खराब छापल्यासारखं दिसायलंय." मी म्हटलं, खराबच छापलंय, आणि त्या सिनेमावाल्यांनी पैसे ओतून मुद्दाम तसंच केलंय. त्याला ते पटलं नाही. पुढचा भाग, 'अक्रॉस द स्पायडरव्हर्स', जून २०२३ मध्ये भारतात दहा भाषांत आला आणि त्यांत मराठीही होती. मुंबई आणि मॅनहॅटनची भेसळ केलेलं मुंबॅटन शहर त्यात आहे. तिथं पवित्र प्रभाकर नावाचा आपल्याकडचा स्पायडरमॅन रस्त्यांच्या कोंडीवरून झोके घेत जातो. शंभरेक वर्षांपूर्वी फाळक्यांचा हनुमान मुका होता, आता अमेरिकेतला कोळीमाणूस मराठी बोलू लागला. भाच्यानं तो हिंदीत पाहिला होता, क्रिकेटपटू शुभमन गिलचा आवाज आहे म्हणून. मी मराठीत पाहायचा हट्ट धरला. त्यावरून आमचं वाजलं आहे, आणि परीक्षा झाली की दोन्ही पुन्हा लावून काय ते ठरवायचं, असं आमच्यात ठरलंय.